गोणीच्या तोंडावरचं शिसं

अंगठ्याच्या नखाएवढा शिशाचा चपटा तुकडा. वर पांढुरकी, राखाडी साय धरलेली. एका अंगाला अर्धीमुर्धी अक्षरं, दुसऱ्या अंगाला एखादा आकडा, चांदणी, नाहीतर काहीच नाही. कडेला दोन बारीक भोकं, कधीकाळी त्यातून सुतळी ओवलेली. इंग्लंडच्या शेतांमधून मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या हौशी मंडळींच्या पिशवीत असा एखादा तुकडा हमखास येतो, आणि बहुतेक वेळा बंदुकीच्या गोळ्या, खिळे, बाटल्यांची बुचं यांच्याबरोबर भंगारात जातो. नाणं असतं तर जपलं असतं. बटण असतं तरी पुसून पाहिलं असतं. हे नुसतं शिसं.

मला जुन्या पीठगिरण्यांचं वेड आहे, हे ओळखीतल्या काही जणांना कळलं आणि तेव्हापासून या तुकड्यांचे, म्हणजे पिठाच्या गोणीच्या तोंडावर दाबलेल्या सीलांचे, फोटो माझ्याकडे यायला लागले. "हे कुठल्या गिरणीचं असेल?" एवढाच प्रश्न. काही जण तर तुकडाच देऊन टाकतात, त्यांच्या दृष्टीने तेवढीच अडगळ कमी. या प्रश्नाचं उत्तर नेहमी मिळतंच असं नाही. पण ते शोधताना एक गोष्ट मला फार आवडायला लागली, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी या तुकड्याचं काम काय होतं ते सांगतो. ब्रिटनमध्ये पिठाचा व्यापार 'सॅक'वर चाले. एक सॅक म्हणजे २८० पौंड, आजच्या हिशेबात १२७ किलो. अर्धी गोणी १४० पौंडांची. गिरणीत गोणी भरली की तोंड सुतळीने आवळायचं, सुतळीची दोन्ही टोकं शिशाच्या मणीवजा तुकड्याच्या भोकांतून काढायची आणि तो तुकडा खास पकडीत दाबायचा. पकडीच्या जबड्यांत उलटी अक्षरं कोरलेले ठसे असत. एका दाबात दोन कामं व्हायची: शिसं सुतळीभोवती घट्ट बसायचं आणि त्यावर गिरणीचं नाव उमटायचं. शिसं इतकं मऊ की त्याला ना भट्टी लागते ना हातोडा. आता सुतळी कापल्याशिवाय किंवा सील फोडल्याशिवाय गोणी उघडणार नाही, आणि उघडली तर लपणार नाही.

बेकरीत गोणी पोचली, चाकूने सुतळी कापली, की सीलचं आयुष्य संपलं. गिरणीच्या दारापासून बेकरीच्या दारापर्यंतचा प्रवास, एवढाच त्याचा काळ.

गोणीवर गिरणीचं नाव छापलेलं असतानाही ही उठाठेव कशाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. उत्तर गोणीतच आहे. तागाची गोणी ही महागाची वस्तू. ती बेकरीतून रिकामी होऊन परत यायची, झटकली जायची, ठिगळ लावून पुन्हा भरली जायची. वाटेत ती कुणाच्या हाती लागेल आणि तिच्यात कोण काय भरेल याचा नेम नाही. कापडावरचं नाव फार तर गोणी कुणाच्या मालकीची एवढं सांगतं. आत्ता आत जे आहे ते कुणी भरलं, हे फक्त शिसं सांगतं. छापील नाव दहा फेऱ्या टिकतं, शिशावरचं नाव एकाच फेरीचं असतं. म्हणून गोणी परत जाते आणि सील मागे राहतं.

एरवी गावातल्या पवनचक्कीला किंवा पाणचक्कीला या सगळ्याची गरज नव्हती. चक्कीवाला आणि पाववाला एकमेकांना नावाने ओळखत. गोणीत काही काळंबेरं निघालं तर पाववाला सरळ चक्कीवर जाऊन भांडू शकत होता. १८४६ मध्ये ब्रिटनने धान्य आयातीवरचे जाचक कायदे रद्द केले, परदेशी गहू जहाजांनी येऊ लागला, आणि पुढच्या काही दशकांत पिठाचा धंदा हळूहळू आतल्या खेड्यांतून बंदरांकडे सरकला. लिव्हरपूल, हल, लंडन, कार्डिफ, ब्रिस्टलजवळचं एव्हनमथ, टाइन नदीचा काठ. दगडी जात्यांच्या जागी लोखंडी रोलर आले. हेन्री सायमन या अभियंत्याने १८७८ मध्ये मँचेस्टरला मॅकडुगल बंधूंच्या गिरणीत रोलरची यंत्रणा बसवली, आणि मग मागे वळून पाहायला कुणालाच सवड उरली नाही. हलच्या जोसेफ रँक यांचंच पाहा: १८७५ मध्ये भाड्याच्या पवनचक्कीवर धंदा सुरू केला, आणि दहा वर्षांनी, १८८५ ला, हलमध्येच स्वतःची रोलर गिरणी उभी केली. अशा गिरणीचं पीठ रेल्वेने शेकडो मैल जाणार. घेणाऱ्याने गिरणी पाहिलेली नाही, मालकाचं तोंड पाहिलेलं नाही. ओळख संपते तिथून पुढे शिसं लागतं.

भेसळीची भीतीही होतीच. आर्थर हिल हॅसल यांनी १८५१ ते १८५४ या काळात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून लंडनच्या खाद्यपदार्थांची सूक्ष्मदर्शकाखाली झडती घेतली, तेव्हा पाव पांढरा दिसावा म्हणून घातलेली तुरटी इतकी सर्रास निघाली की लोकांची झोप उडाली. भेसळविरोधी कायदे १८६० आणि १८७२ ला आले, आणि जरा धार असलेला कायदा १८७५ ला. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, आणि ती हौशी लोक हटकून विसरतात. सील पिठाच्या शुद्धतेची हमी देत नाही. आत तुरटी असेल तर ती कुणी घातली हे ठरवायला मदत करतं, इतकंच. सील शाबूत असेल तर बोट गिरणीकडे, नसेल तर वाटेतल्या कुणाकडे. दोषाचा धनी कोण, याची ती पावती होती.

आता ओळखण्याकडे येतो. पहिला प्रश्न गिरणी कोणती हा नसतोच. हे गोणीचं सील आहे तरी का, हा असतो. शिशाची सीलं हजार कामांना वापरली गेली. इंग्लंडमध्ये लोकरी कापडाची सरकारी तपासणी व्हायची, तिची सीलं मध्ययुगापासून १७२४ पर्यंत चालली. ती पट्टीने जोडलेल्या दोन चकत्यांची. कापडाच्या काठावर पट्टी दुमडायची, एका चकतीवरचा खुंट दुसरीच्या भोकात घालून ठोकायचा. जुन्या चकतीच्या आतल्या बाजूला कधीकधी कापडाची वीण उमटलेली दिसते. पिठाच्या सीलमध्ये वीण नसते, सुतळीचा बोगदा असतो. हा एक फरक डोळ्यांत बसला की निम्मं काम झालं.

मग रशियन सीलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकात रशियातून ब्रिटनमध्ये जवसाच्या आणि भांगेच्या झाडाच्या धाग्याचे गठ्ठे येत, त्यांची सीलं स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या शेतांत भरपूर सापडतात. त्यांवर सिरिलिक अक्षरं, तपासनिसाचं नाव, पुष्कळदा सालही. ती पाहून माणूस भलताच हुरळतो, पण पिठाशी त्यांचा काही संबंध नाही. त्यानंतर गॅस-पाण्याच्या मीटरची सीलं: ती लहान आणि त्यांची भोकं सुतळीसाठी फार बारीक, कारण त्यांतून तार जायची. रेल्वेच्या डब्यांची सीलं कंपनीच्या आद्याक्षरांवरून कळतात, आणि ती आद्याक्षरं कालखंडही सांगून जातात. 'एल. एम. एस.' दिसलं की ते १९२३ नंतरचं, कारण ती कंपनीच त्या साली झाली.

मी भोकाची जाडी आधी पाहतो, अक्षरं मागाहून. तार की सुतळी, आणि सुतळी असेल तर किती जाड. सव्वाशे किलोची गोणी बारीक दोऱ्याने बांधत नाहीत. कधीकधी बोगद्याच्या आत पिळाचा ठसा राहिलेला असतो, भिंगाखाली सुतळीचे पेड मोजता येतात. सुतळी कुजून शंभर वर्षं झाली असतील, पण तिचा पीळ शिशाने धरून ठेवलेला. नाव वाचण्याइतकाच आनंद मला यात होतो, कदाचित जास्तच.

अक्षरं वाचायची तर अंधार करावा लागतो. वरून झगझगीत उजेड पाडला तर सगळं सपाट दिसतं. खोलीतले दिवे घालवून एकच छोटी बॅटरी जवळजवळ टेबलाला टेकवून धरायची, म्हणजे तिरका उजेड पृष्ठभागावरून सरपटत जातो आणि उंचवट्यांच्या सावल्या पडतात. मग सील एका जागी ठेवून उजेड गोल फिरवायचा. एका दिशेने न दिसलेली रेघ दुसऱ्या दिशेने दिसते. दर दिशेचा एक फोटो घ्यायचा आणि सगळे शेजारी ठेवायचे.

एक सील मी असं बरंच छळलं आहे. गोलाकार लिहिलेल्या मजकुरात सुरुवातीचं नाव पार गेलेलं. मग 'ॲन्ड सन्स' स्पष्ट. मग एक फुटलेली कड, आणि तिच्यानंतर आय, एल, एल, ई, आर, एस ही सहा अक्षरं. खालच्या अंगाला गावाचं नाव, त्यातली फक्त शेवटची दोन अक्षरं शिल्लक: ओ आणि एल. ज्याने पाठवलं त्याने उत्तरही सोबत पाठवलं होतं: 'स्पिलर्स'. साहजिक आहे. जोएल स्पिलर यांनी १८२९ मध्ये ब्रिजवॉटरला सुरू केलेला धंदा पुढे ब्रिटनच्या सगळ्यांत मोठ्या पीठ कंपन्यांपैकी एक झाला, आणि कुत्र्यांच्या बिस्किटांमुळे ते नाव घराघरांत पोचलं. पण 'मिलर्स', म्हणजे नुसते गिरणीवाले, या शब्दाचं शेपूटही तेच. आय, एल, एल, ई, आर, एस. फरक फक्त आधी एक एम आहे की एस आणि पी आहेत एवढाच. जागा मोजून भागत नाही, कारण एम हे रुंद अक्षर, ते जवळपास दोघांची जागा खातं.

मग त्या एका ठिकाणी नजर खिळवली: फुटलेल्या कडेलगत, आय या अक्षराच्या अगदी डावीकडे, आणि तेही तळाशी. पी असेल तर तिथे रिकामं असायला हवं. पी-चा दांडा डावीकडे असतो आणि पोट वर, त्याच्या उजव्या पायाशी काहीच नसतं. एम असेल तर त्याचा उजवा पाय आय-च्या शेजारी जमिनीपर्यंत आलेला असणार. डावीकडून उजेड टाकला तेव्हा काही नव्हतं. उजवीकडून टाकला तेव्हा तळाशी एक बारीक आडवी टाच दिसली, आय-च्या टाचेला जवळजवळ चिकटलेली. एम. म्हणजे 'अमुक ॲन्ड सन्स, मिलर्स'. मोठ्या कंपनीचं नाव गळून पडलं आणि कुणा बाप-लेकांची अनामिक गिरणी शिल्लक राहिली. पाठवणारा खट्टू झाला. मला मात्र ही टाच फार आवडली.

गाव कोणतं? ओ-एल-वर संपणारी दोन मोठी पीठबंदरं: ब्रिस्टल आणि लिव्हरपूल. इंग्रजीत पहिल्याची अक्षरं सात, दुसऱ्याची नऊ. खालच्या अंगाचं नाव साधारणपणे सीलच्या उभ्या मध्यरेषेवर बेतून कोरलेलं असतं. तेव्हा शेवटचं एल मध्यरेषेपासून किती अक्षरं दूर आहे ते पाहायचं: तीन असतील तर सात अक्षरी नाव, चार असतील तर नऊ अक्षरी. माझ्या मोजणीत तीनच्या थोडंसं पुढे येतं. मी ब्रिस्टलकडे झुकतो, पण पैज लावणार नाही. ठसे कोरणारा माणूस आपल्यासारखाच, शेवटी जागा कमी पडली की अक्षरं दाटीने बसवणारा.

या धंद्यातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माहीत असलेलं नाव. दोन अक्षरं दिसली की मन उरलेली स्वतःच भरून टाकतं, आणि भरताना प्रसिद्ध कंपनीच निवडतं. 'सी. डब्ल्यू. एस.' वाचलं की लोक लगेच सहकारी पीठगिरणी म्हणतात. ती कोऑपरेटिव्ह होलसेल सोसायटी, स्थापना १८६३ ची, आणि टाइन नदीकाठी डन्स्टनला १८९१ मध्ये तिची प्रचंड पीठगिरणी उभी राहिली हेही खरं. पण ती सोसायटी पिठाबरोबर साबण करायची, बिस्किटं करायची, गुरांचं खाद्य विकायची. नुसत्या तीन अक्षरांवरून पीठ सिद्ध होत नाही. उलट बाजूनेही फसगत होते. सीलवर दिसणारा शब्द गावाचा किंवा माणसाचा नसून पिठाच्या ब्रँडचा असू शकतो. लंडनच्या रॉयल व्हिक्टोरिया डॉकवर व्हर्नन कंपनीने १९०५ मध्ये बांधलेल्या गिरणीचं नाव मिलेनियम मिल्स. नाव गिरणीवरून पिठाला नाही, पिठावरून गिरणीला मिळालेलं. नकाशात 'मिलेनियम' शोधत बसलात तर जन्म जाईल. (जानेवारी १९१७ मध्ये शेजारच्या सिल्व्हरटाउनमध्ये टीएनटीच्या कारखान्याचा स्फोट झाला, ७३ माणसं गेली, आणि या गिरणीचीही बरीच पडझड झाली. १९३३ मध्ये ती नव्याने बांधली, आणि ती इमारत अजूनही डॉकवर उभी आहे.)

नाव अर्धवट असलं तरी काळ कधीकधी शेपटीवरून लागतो. 'लिमिटेड' असेल तर १८५५ च्या आधीचं नाही, कारण मर्यादित जबाबदारीचा कायदाच त्या साली आला. जोसेफ रँक यांची कंपनी 'लिमिटेड' झाली १८९९ मध्ये, म्हणजे त्यांच्या नावापुढे हा शब्द दिसला तर विसावं शतक धरून चालायला हरकत नाही. 'ट्रेड मार्क' हे शब्द असतील तर बहुधा १८७६ नंतरचं, कारण त्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली. 'ब्रदर्स', 'ॲन्ड सन', 'ॲन्ड सन्स' हे तर फारच बोलके. एक मुलगा भागीदार झाला की 'सन', दुसरा आला की 'सन्स', आणि भांडण झालं की सगळंच बदलायचं. भागीदारी मोडल्याच्या जाहिराती 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात छापून येत, आणि त्या आज शोधता येतात. केलीच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांमध्ये गावोगावच्या गिरणीवाल्यांच्या याद्या आहेत. रेडिंगच्या मिल्स आर्काइव्हमध्ये जुन्या गिरण्यांची कागदपत्रं आहेत. नाव पूर्ण असेल तर संध्याकाळभरात माणूस सापडतो, त्याची मुलं सापडतात, कधी गिरणीला आग लागल्याची बातमी सापडते. पिठाची धूळ हवेत मिसळली आणि ठिणगी पडली की बंदुकीच्या दारूसारखी पेटते. ९ जुलै १८७२ ला ग्लासगोच्या ट्रेड्स्टन गिरणीत अशाच स्फोटात १८ जण दगावले. जळलेली गिरणी पुन्हा उभी राहिली तर पुष्कळदा नवं नाव घेऊन, आणि नवं नाव म्हणजे नवे ठसे.

ब्रिटनबाहेरची सीलं वाचायची मजा वेगळी. हंगेरीत १८७४ मध्ये गान्झ कारखान्याच्या आंद्राश मेखवार्ट यांनी खाचांच्या बिडाच्या रोलरचं पेटंट घेतलं आणि बुडापेस्टचं पांढरंशुभ्र पीठ युरोपभर नावाजलं गेलं. कॉन्कॉर्डिया, व्हिक्टोरिया, पॅनोनिया, गिझेला, अशी तिथल्या गिरण्यांची ऐटदार नावं. त्यांच्या पिठाला शून्यापासून आठपर्यंत प्रतीचे क्रमांक असत, शून्य म्हणजे सगळ्यात उजवं. तेव्हा हंगेरियन सीलच्या मधोमध २ दिसला तर तो वजनाचा, मजल्याचा किंवा पकड दाबणाऱ्या कामगाराचा असण्याआधी प्रतीचा असावा असं धरून मी पुढे जातो. जर्मन सीलवर कुन्स्टम्यूले, वाल्त्सम्यूले किंवा डाम्फम्यूले यांतला एखादा शब्द असला तर काम सोपं. सुधारित गिरणी, रोलरची गिरणी, वाफेची गिरणी. मालकाने यंत्राचीच जाहिरात शिशावर केलेली.

रशियन गिरण्यांची सीलं मला सगळ्यांत मोकळी वाटतात. गोणी पाच 'पूड'ची (पूड हे जुनं रशियन वजन), म्हणजे सुमारे ८२ किलोंची. आणि तारखेसाठी तिथे एक नामी सोय आहे. १९१८ च्या लेखनसुधारणेआधी रशियन शब्दांच्या शेवटी येणाऱ्या व्यंजनानंतर एक मुकं, उच्चार नसलेलं अक्षर लिहीत. सुधारणेत ते शब्दांच्या शेपटीवरून गेलं. मालकाच्या नावाच्या शेवटी ते दिसलं तर गिरणी क्रांतीपूर्व काळातली, खाजगी मालकाची. नाव पुसलं गेलं असेल आणि शेवटचं ते अक्षरच उरलं असेल तरी चालतं. उच्चारात ज्याचा काही उपयोग नव्हता त्याचा असा उपयोग होतो.

आता जरा वादाचं. इंग्लंडच्या शेतात सापडलेलं गिरणीचं सील हे पिठाच्या गोणीचं आहे असं आपण समजून चालतो. पण पिठाची गोणी शेतात कशाला जाईल? ती बेकरीत उघडते, शहरात. शेतात उघडतात त्या गोण्या खताच्या, बियाण्याच्या, गुरांच्या खाद्याच्या. शेतांतल्या शिशाच्या सीलांमध्ये याच धंद्यांचा भरणा जास्त आहे. जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतल्यापासून कारखान्यातलं खत गोण्यांतून शेतावर येऊ लागलं. मग पीठगिरणीचं शिसं तिथे पोचलं कसं?

एक उत्तर सगळे देतात: शहराचा कचरा. व्हिक्टोरियन शहरांतली राख, लीद, झाडलोट बोटींतून आणि रेल्वेने खेड्यांत जायची आणि शेतांवर पसरली जायची. बेकरीच्या मागच्या दारचा केरही त्यात असणार. हे बरोबर आहे, आणि काही सीलं नक्की तशीच आली. पण दुसरं उत्तर मला अधिक पटतं. रोलर गिरणीत गहू दळला की पांढरं पीठ सत्तर-बहात्तर टक्के निघतं. उरलेला पाव हिश्शाहून थोडा जास्त भाग म्हणजे कोंडा आणि भरडा. तो फेकायचा नसतो, तो विकतात, आणि घेणारा असतो डुकरं, कोंबड्या, गाई पाळणारा शेतकरी. त्याच गिरणीतून, तशाच गोण्यांतून, त्याच पकडीने दाबलेल्या सीलसह. शहरापासून दूरच्या, कचऱ्याची बोट कधी न गेलेल्या डोंगराळ कुरणात पीठगिरणीचं सील सापडलं तर मी आता सरळ कोंडा म्हणतो. बाजूच्या शेतात फुटकी चिनीमाती, चिलमीच्या नळ्या, कोळशाची राख असला शहरी ऐवज असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून शेत कुठलं, हे मला गिरणी कुठली याच्याआधी कळायला हवं असतं. आणि नेमकं तेच कुणी लिहून ठेवत नाही.

लिहून न ठेवण्याला कारणही आहे. इंग्लंड-वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ ला सुरू झाली, आणि तिच्याइतकं चांगलं काम फार कमी देशांत झालं असेल. पण तिचा भर साधारण १७०० च्या आधीच्या वस्तूंवर. नंतरचं काही नोंदवायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. १९९६ च्या खजिना कायद्यात असल्या सुट्या सीलचा प्रश्न सहसा येत नाही. पुरातत्त्वाला ही सीलं फार तरुण, संग्राहकाला फार स्वस्त. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी पिशव्या आल्या, पाठोपाठ थेट टँकरमधून पीठ जायला लागलं, आणि सीलची गरजच सरली. म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे वर्षांचा हा पीठधंदा जमिनीत मुबलक आहे आणि नोंदींत जवळपास नाही. गेट्सहेडच्या बाल्टिक गिरणीची इमारत १९५० ला सुरू झाली, १९८१ ला बंद पडली आणि २००२ पासून कलाकेंद्र म्हणून दिमाखात उभी आहे, तिच्या भिंतीवरची मोठमोठी अक्षरंही जपली आहेत. मोठी अक्षरं वाचवायला लोक पुढे येतात. छोट्या अक्षरांसाठी निदान सापडल्या जागेची एक चिठ्ठी तरी लिहावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

जपण्याबद्दलही दोन शब्द, कारण इथे चांगल्या हेतूने वाट लावली जाते. व्हिनेगरमध्ये बुडवू नका, त्यातलं ॲसिटिक आम्ल शिसं खातं. तारेच्या ब्रशने घासू नका, वरची ती राखाडी साय हीच अक्षरं सांभाळून असते. मऊ ब्रश आणि साधं पाणी, आणि नंतर पूर्ण वाळवणं. सुंदर ओक लाकडाच्या खणांत तर मुळीच ठेवू नका. ओकमधून आम्लाची वाफ निघत राहते आणि काही वर्षांत सीलवर पांढरी भुकटी धरते, तिच्याबरोबर अक्षरंही झडतात. प्लॅस्टिकची साधी पिशवी पुरते. आणि हाताळल्यावर हात धुवा, शिसं हे विषच आहे, मग त्यावर किती का प्रेम असेना.

फोटो मात्र पाठवत राहा. तेवढं एक करा: नावाच्या बाजूचा एकच फोटो पाठवून 'कुठली गिरणी?' असं विचारू नका. मागची बाजूही पाठवा, कडेच्या भोकांचा एक वेगळा काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि खाली शेताचं ठिकाण लिहा.